टाकाऊ बटाट्यांपासून बायोइथेनॉल: खळ पातळ करण्यापासून बुडबुडे थांबेपर्यंत

इथेनॉल (यीस्ट साखर आंबवून बनवतं ते अल्कोहोल) कमी निघालं की दोष यीस्टला दिला जातो. बहुतेक वेळा चूक त्याआधीच झालेली असते. स्टार्चची साखर पूर्ण झालेली नसते आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही.

३ किलो बटाटे घ्या. डागी, मोड आलेले चालतील, पण सडका भाग कापून टाका, कारण आम्ल करणारे जीवाणू तिथेच जास्त असतात. साली ठेवून किसा आणि २ लिटर पाणी घाला. नुसता गरम केला तर हा लगदा ६५ अंशांच्या आसपास खळीसारखा घट्ट होतो, ढवळणं अडतं, तळ करपतो. म्हणून अल्फा-अमायलेजचा (स्टार्चचे लांब रेणू तोडणारं एन्झाइम) थोडा भाग तापवण्याआधीच घाला (एकूण मात्रा पाकिटावर लिहिलेली असते). उरलेलं ८५ अंशांवर घालून तासभर ८५ ते ९० अंश राखा. पीएच (आम्लतेचं माप) ६ च्या जवळ हवा. खळ पातळ होऊन पळीवरून पाण्यासारखी ओघळली की काम झालं.

आता चाचणी. पांढऱ्या बशीत थेंबभर घ्या, गार होऊ द्या, त्यावर आयोडीन टाका. काळसर निळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे. रंग आला नाही तरी साखर तयार झाली असं समजू नका. त्यात अजून डेक्स्ट्रिन (स्टार्चचे अर्धवट तुटलेले तुकडे) असतं आणि तेही यीस्टला पचत नाही. सायट्रिक आम्लाने पीएच ४.५ वर आणा, ६० अंशांवर ग्लुकोअमायलेज (डेक्स्ट्रिनची साखर करणारं एन्झाइम) घाला आणि ३-४ तास थांबा. घाई इथे सर्वांत महाग पडते.

मिश्रण ३० अंशांपर्यंत गार करा. ५ ग्रॅम कोरडं यीस्ट कोमट पाण्यात (३५ ते ४० अंश) १५ मिनिटं भिजवून मिसळा. यीस्टला लागणाऱ्या नायट्रोजनसाठी अडीच ग्रॅम डायअमोनियम फॉस्फेट पुरतं. भांडं ८-१० लिटरचं घ्या, फेस वर चढतो. झाकणातली नळी पाण्यात बुडवा. भांडं हवाबंद कधीच करू नका, फुटेल. १०० लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तेव्हा खोली हवेशीर हवी.

प्रगती वजनावर कळते. भरलेलं भांडं सुरुवातीला आणि मग रोज तोला. जितके ग्रॅम वजन घटेल, त्याच्या सुमारे १.०५ पट ग्रॅम इथेनॉल बनलेलं असतं. बटाट्यात १५ टक्के स्टार्च धरला तर सुमारे ५०० ग्रॅम ग्लुकोज होतं. त्यातून जास्तीत जास्त २५५ ग्रॅम इथेनॉल मिळू शकतं, प्रत्यक्षात २२० आलं तरी उत्तम. साधारण ३ दिवसांत वजन स्थिरावतं.

वजन घटायचं लवकर थांबलं तर आधी तापमान बघा. ३५ अंशांच्या पुढे यीस्ट थकू लागतं. आंबट वास आणि पीएच ४ च्या बराच खाली, म्हणजे लॅक्टिक जीवाणू शिरले. व्हिनेगरसारखा वास आला तर हवा आत जातेय.

फळांच्या लगद्याला एन्झाइमची ही खटपट लागत नाही, साखर तयारच असते. मात्र संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन यीस्टला मारक ठरतं. उरलेल्या शिजवलेल्या अन्नातलं मीठही त्रास देतं.

हे द्रव पिण्यासाठी नाही. ऊर्ध्वपातनाला (द्रव उकळून, वाफ गार करून इथेनॉल वेगळं काढणं) बहुतेक देशांत परवाना लागतो, शिवाय वाफ पेट घेते, म्हणून उघड्या ज्योतीवर कधीही नको. साध्या ऊर्ध्वपातनाने वजनी ९५.६ टक्क्यांपुढे जाता येत नाही. उरलेलं पाणी ३ अँगस्ट्रॉमची मॉलिक्युलर सीव्ह (अतिसूक्ष्म छिद्रांचे शोषक दाणे) शोषून घेते.