टिंब दिसलं म्हणून नाणं दुर्मिळ होत नाही: या चुका टाळा

"काका, हे कितीले जाईन जी?"

दारव्ह्याच्या आठवडी बाजारात एका पोराने तळहातावर एक रुपया धरून मला हे विचारलं. नाणं स्टीलचं होतं. सालाखाली पाच टोकांचा तारा, आणि ताऱ्याला जवळजवळ चिकटून मोहरीपेक्षाही बारीक एक उंचवटा. त्याला कोणीतरी पटवून दिलं होतं की तारा म्हणजे हैदराबाद आणि टिंब म्हणजे नोएडा, तेव्हा एका नाण्यावर दोन टाकसाळी असल्यामुळे त्याचे लाखभर तरी येतात. हा हिशोब मला चांगला ठाऊक होता, कारण असलंच एक नाणं मी पूर्वी तीनशे रुपये मोजून घेतलं होतं.

टाकसाळींची चिन्हं त्याने बरोबर सांगितली. आपल्या चार टाकसाळींपैकी मुंबईची खूण पत्त्यांतली चौकट, हैदराबादची तारा आणि नोएडाची गोल टिंब, तर कोलकात्याची खूणच नसते. ही खूण सालाच्या खाली असते. चूक पुढे होते. सालाच्या आसपास उठलेला कुठलाही ठिपका लोक टाकसाळीची खूण समजतात. कोलकात्याच्या नाण्यावर असा ठिपका आला की ते नोएडाचं ठरतं. आणि मुंबईची चौकट झिजून गोलसर झाली की तिलाही टिंब म्हटलं जातं.

तो ठिपका कुठून येतो हे घरातल्या साच्यावरून कळतं. करंजीच्या लाकडी साच्याचा आतून बारीक कपचा उडाला, तर त्यानंतरच्या प्रत्येक करंजीवर त्याच जागी फुगवटा येतो. टाकसाळीतही हेच होतं. छाप उठवणाऱ्या पोलादी ठशाला डाय म्हणतात. हजारो दाब सोसून तिचा कण उडतो, त्या खड्ड्यात नाण्याचा धातू घुसतो आणि नाण्यावर उंचवटा दिसतो. हीच डाय चिप. डायला भेग गेली तर नाण्यावर उंच रेघ उठते, ती डाय क्रॅक. स्टील तांबे-निकेलपेक्षा कडक असल्यामुळे डायवर जास्त ताण येतो, म्हणून स्टीलच्या नाण्यांवर हे नेहमी पाहायला मिळतं.

चिप बहुतेक कुठे सापडते तेही बघा. नाण्यावर उठून दिसणारं अक्षर डायवर खोदलेलं असतं. म्हणजे शून्याच्या आतली मोकळी जागा डायवर पोलादाच्या बारीक बेटासारखी उभी असते. चारही बाजूंनी खोदकाम असल्याने ते बेट कमजोर असतं आणि आधी तेच तुटतं. म्हणून 0, 6, 8, 9 या आकड्यांची पोटं भरलेली दिसतात. इंग्रजी ए, डी, पी, आर या अक्षरांचंही तसंच. 2006, 2008, 2009 या सालांची नाणी तर अशा गोल पोटांनीच भरलेली आहेत. "भरलेला आठ" दुर्मिळ म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका. तारा आणि सालाचा आकडा यांच्यामधली अरुंद जागाही तितकीच नाजूक असते.

माझ्या तीनशेच्या नाण्याचा निकाल किराणा दुकानाच्या गल्ल्यात लागला. नात्यातल्या एका दुकानदाराने दिवाळीआधी बँकेतून चिल्लरची थैली आणली होती. नवी नाणी थैलीने येतात, त्यामुळे एकाच डायची बरीच नाणी एकाच गावात उतरू शकतात. मी ती थैली ताटात ओतून त्याच सालाची, ताऱ्याची नाणी वेगळी काढली. घड्याळजीकडून आणलेल्या दहापट भिंगाखाली तीन नाण्यांवर तोच ठिपका मिळाला. पहिल्यावर तो सुईच्या टोकाएवढा होता. दुसऱ्यावर माझ्या नाण्याइतका. तिसऱ्यावर मात्र तो वाढून ताऱ्याच्या एका टोकात मिसळला होता. टाकसाळीने मुद्दाम दिलेली खूण अशी वाढत जात नाही. तुटणारी डायच दर हजार नाण्यांगणिक आणखी तुटते. नोएडाचं टिंब भिंगाखाली गोल, नेटकं आणि सालाखाली मधोमध असतं. चिपच्या कडा वेड्यावाकड्या असतात आणि तिची जागाही जमेल तशी.

मग खरी व्हरायटी, म्हणजे टाकसाळीनेच डायमध्ये फरक ठेवून पाडलेलं नाणं, कसं असतं? 1985 चा एक रुपया घ्या. त्याच्या सालाखाली इंग्रजी एच असेल तर ते नाणं बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीत पाडलेलं आहे. 1997 च्या एक रुपयावर वर बारीक गोल असलेला एम दिसला तर ते मेक्सिकोचं, आणि 1998 वर एमके असेल तर स्लोव्हाकियातल्या क्रेमनिट्झाचं. ही अक्षरं डाय घडवतानाच कोरलेली असतात. म्हणून ती प्रत्येक नाण्यावर त्याच मापाची, त्याच जागी आणि कॅटलॉगात नोंदलेली असतात. तुमच्या नाण्यासारखं हुबेहूब दुसरं नाणं सापडलं तर व्हरायटीचा विचार सुरू करा. एकच सापडलं तर आधी चिपचा संशय घ्या.

दुहेरी अक्षरांबाबत तर आणखी घाई होते. छापाच्या वेळी डाय किंचित हलली तर अक्षराच्या बाजूला चपटी, खालच्या पातळीवरची पायरी उमटते आणि मूळ अक्षर बारीक होतं. याला मशीन डबलिंग म्हणतात, त्याची वेगळी किंमत येत नाही. खऱ्या डबल डायमध्ये डाय बनवतानाच तिच्यावर छाप दोनदा, थोडा सरकून बसलेला असतो. त्यात दोन्ही प्रतिमा पूर्ण उंचीच्या आणि गोलसर दिसतात, अक्षरांच्या टोकांना फाटे फुटतात. नाणं उजेडात तिरपं धरा, पायरी लगेच ओळखू येते.

आपल्याकडे जमिनीतून निघालेलं नाणं म्हणजे तर निम्मं शेतच असतं. वखराचा घाव, खताच्या क्षाराने पडलेले खड्डे, बैलगाडीच्या धावेखाली चेपलेली कड, हे सगळं एरर, म्हणजे टाकसाळीतली चूक, म्हणून दाखवायला आणतात. एक खूण पक्की धरा: डायचा दोष नाण्यावर उंच येतो, खरचटणं खोल जातं. उंचवट्यातही फसवणूक होते. कथिलाचा किंवा रंगाचा थेंब लावलेली नाणी मी पाहिली आहेत. लाकडी दातकोरणीने टोकून बघा. रंग निघतो. कथिलाची चमक नाण्याच्या धातूपेक्षा वेगळी असते. सुई किंवा पिन लावू नका. आणि चिंच-मीठ, राख, भांड्यांची पावडर लावून नाणं घासायचं तर अजिबातच नाही. खरी व्हरायटी निघाली तरी घासल्यावर तिचं मोल गेलं.

डिझाइन बदलणं हाही दोष नाही. दहा रुपयांचं नाणं, रुपयाचं चिन्ह असलेलं आणि नसलेलं, आपल्या कित्येक दुकानांत परत फिरवलं जायचं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये सांगितलं की त्याची तोवरची चौदाही डिझाइन्स चलनात वैध आहेत.

लाखांचं आमिष दाखवून आधी "नोंदणी फी" मागणारे फोन आले तर ठेवून द्या. जुनी नाणी-नोटा विकत घेण्यासाठी बँकेच्या नावाने फी किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये दिला होता.

त्या पोराला मी माझी चार नाणी दाखवली, बारीक ठिपक्यापासून ताऱ्यात मिसळलेल्या ठिपक्यापर्यंत ओळीने लावलेली. त्याने आपला रुपया दुसऱ्याच्या आणि तिसऱ्याच्या मध्ये ठेवून पाहिला. भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काका, माह्यावाला इथं बसते."