सनस्क्रीन नीट लागलंय का ते यूव्ही टॉर्चने घरी कसं बघायचं

स्किनचे यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांतले, फोटो काढायचा खरा मार्ग म्हणजे सेन्सरवरचा यूव्ही अडवणारा फिल्टर काढलेला कॅमेरा आणि त्यावर फक्त यूव्ही सोडणारा फिल्टर. त्यात सनस्क्रीन लावलेला भाग डांबर फासल्यासारखा काळा दिसतो, पण ते भलतंच महागात पडतं. टॉर्च आणि मोबाईलवर जे जमतं ते सांगतो.

टॉर्च ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचाच घ्या, पुढे काळी काच असलेला. स्वस्तातले जांभळे टॉर्च बहुतेक ३९५ चे असतात, मी आधी तोच आणला आणि नुसतं जांभळं थोबाड बघत बसलो, कारण त्या उजेडाला सनस्क्रीन फारसं अडवतच नाही.

रात्री खोलीत मिट्ट अंधार करून बसा. चेहरा धुवून तसाच वाळू द्या, टॉवेलने पुसला की डिटर्जंटमधल्या चमक आणणाऱ्या केमिकलमुळे टॉवेलचे तंतू गालावर चांदण्यांसारखे चमकतात. ज्याचा फोटो काढायचाय त्याने डोळे गच्च मिटायचे, टॉर्चवाल्याने यूव्ही अडवणारा चष्मा घालायचा, फोटो निघाला की टॉर्च लगेच बंद, आणि लहान मुलांवर हा प्रयोग नकोच.

मोबाईल प्रो मोडवर, फ्लॅश बंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) आणि शटरचा वेळ दोन्ही फोटोंना तेच ठेवायचं, ऑटोवर फोन स्वतःच उजेड वाढवतो आणि सगळा खेळ बिघडतो. आधी कोऱ्या चेहऱ्याचा फोटो, मग सनस्क्रीन लावून. स्किन यूव्ही पडलं की मंद निळसर चमकते, सनस्क्रीन ते वरच्यावर शोषून घेतं म्हणून तेवढा भाग काळपट दिसतो.

बाबांना म्हटलं रोज लावता तसंच लावा. कानाच्या पाळ्या, पापण्या, नाकाच्या बाजू आणि चष्म्याच्या दांडीखालची पट्टी, सगळं चमकत होतं, म्हणजे कोरं! लॅबमध्ये एसपीएफ मोजताना एका चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात आणि आपण बहुतेक जण त्याच्या निम्मंही लावत नाही. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटं भरून घ्या.

बाकी काळं दिसलं म्हणजे एसपीएफ ५० चालतंय असं नाही हां, उन्हातल्या यूव्हीचे यूव्हीए आणि यूव्हीबी असे दोन प्रकार, ३६५ म्हणजे यूव्हीए, एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीपासून किती बचाव होतो त्याचा आकडा, यूव्हीएसाठी ट्यूबवरचं पीए रेटिंग बघायचं. कोऱ्या फोटोत उन्हाचे डाग, वांग नेहमीपेक्षा गडद दिसतात, तेही वरच्या थरातलेच, खोलवरचे फारसे उठून येत नाहीत. मुळात सावळ्या स्किनवर फरक कमीच कळतो कारण मेलॅनिन स्वतःच यूव्ही शोषतं. पांढरंनिळं चकचकीत काही दिसलं तर ते कोड असू शकतं किंवा नुसता साबण, स्किनच्या डॉक्टरांकडे असाच यूव्ही दिवा, वुड्स लॅम्प, असतो, त्यांना ठरवू द्या.

दोन तासांनी परत एक फोटो काढा. बाबांचं नाक तोवर पुन्हा चमकायला लागलेलं, मधे दोनदा रुमाल फिरला होता ना.