व्हॅक्यूमचा वायपर: पावसाआधी करायची तयारी

जुन्या विलीज जीपचा किंवा १९५० च्या दशकातल्या अमेरिकन फोर्डचा वायपर रेंगाळायला लागला की बहुतेकांचा हात पहिल्यांदा वायपरच्या मोटरकडे जातो. ती सगळ्यात शेवटी उघडायची. दोष बहुतेक वेळा वाटेतल्या एखाद्या तडकलेल्या पाइपात निघतो.

आधी दोष आहे की स्वभाव, ते ठरवा. हा वायपर विजेवर नाही, इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मॅनिफोल्डमधलं (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधलं) व्हॅक्यूम पडतं, सोडला की वाढतं. म्हणून ठाण्यात घोडबंदर रोडने जाताना गायमुखच्या चढाला तो मंदावणार आणि उताराला सपासप फिरणार. त्यावर मिस्त्रीशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण माजिवड्याच्या सिग्नलला गाडी नुसती आयडलिंगवर उभी असतानाही वायपर अर्ध्यात थबकत असेल, तर कामाला लागा.

मे महिन्यातली एखादी सकाळ काढा. गाडी सोसायटीच्या बेसमेंटमधून उघड्यावर आणा, कारण इंजिन बराच वेळ चालू ठेवायचं आहे आणि बंदिस्त जागेतला धूर जिवावर बेततो. जवळ व्हॅक्यूम गेज (ओढ मोजणारं काट्याचं मीटर) हवा, मिळाला तर व्हॅक्यूमचा हातपंपही, शिवाय एक टी (तीन तोंडांचा जोड), धारदार ब्लेड, टॉर्च, मास्किंग टेप, पेन आणि पाण्याची बाटली. काहीही काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या आणि प्रत्येक पाइपाला टेपची चिठ्ठी लावा. एका वेळी एकच पाइप काढायचा.

पाइप आणायला वागळे इस्टेटला किंवा स्टेशनकडच्या दुकानात जाल तेव्हा जुना तुकडा खिशात घेऊनच जा. आतलं भोक तेवढंच, पण रबर जाड पाहिजे. फिश टँकचा पारदर्शक पाइप स्वस्त मिळतो, बसतोही छान; इंजिन तापलं की मऊ पडतो, आतून चिकटतो आणि वायपर पुन्हा बंद. हा जुगाड नकोच.

इंजिन गरम झालं की गेज थेट मॅनिफोल्डच्या तोंडाला लावा. ठाणे समुद्रसपाटीजवळच आहे, त्यामुळे उंचीचा हिशेब करायची गरज नाही: चांगलं पेट्रोल इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं. काटा स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे आहे (ठिणगी उशिरा पडतेय) किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरतेय. ठरावीक लयीत फडफडत असेल तर व्हॉल्व्हकडे पाहा. इथे आकडा बरोबर नसेल तर पुढचं काही तपासू नका, आधी इंजिन ट्यून करून घ्या.

आकडा ठीक असला की गेज टी लावून पाइपांच्या वाटेत जोडा, मग एकेक फाटा टी-पासून सुटा करून टी-चं तोंड बोटाने बंद करा. ज्या फाट्याला काटा वर चढला, गळती त्यातच. मग पाइपाची टोकं बघा. मधला भाग धडधाकट दिसतो, पण जिथे तो नळीवर चढवलेला असतो तिथे रबर कडक झालेलं असतं. हलकेच वाकवलं की केसासारख्या बारीक भेगा उघडतात. लांबी पुरत असेल तर अर्धा इंच कापून पुन्हा बसवा, तेवढ्यानेही काम होतं. गळती शोधायला गरम इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारणारे मिस्त्री भेटतील. त्यांना चहा प्यायला पाठवा.

काही गाड्यांत पेट्रोल पंपालाच व्हॅक्यूमचा दुसरा कप्पा असतो, चढावर वायपरला मदत करायला. त्याचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) फाटला की चढाला वायपर पार थांबतो आणि इंजिनाचं ऑइल ओढलं जाऊन सायलेन्सरमधून निळा धूर येतो. मग धुरावरून कुणीतरी रिंग-पिस्टनचा खर्च सांगतं. त्याआधी हा पंप तपासा.

ब्रेकला सर्व्हो (व्हॅक्यूमवर पेडलला जोर देणारा डबा) असेल तर त्याच सकाळी तोही बघून घ्या. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरूनच स्टार्टर मारा. पेडल जरासं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर वायपर राहू द्या, आधी ब्रेक. १२३ मालिकेतली डिझेल मर्सिडीज असलेल्यांची गंमत वेगळी: तिथे दाराच्या लॉकपासून इंजिन बंद करण्यापर्यंत सगळं व्हॅक्यूमवर, त्यामुळे गळती झाली की चावी काढली तरी इंजिन चालूच. बॉनेटखालचा ‘स्टॉप’चा खटका कुठे आहे, ते आजच शोधून ठेवा.

आता वायपर. काच ओली करूनच चालवून बघा, कोरड्या काचेवर चांगली मोटरही अडखळते. मोटरपासून जोडणी सोडवून हात नुसते फिरवून बघा; पिव्होट (हात ज्यावर फिरतात ते खिळे) गंजून घट्ट झाले असतील तर तिथे तेलाचे थेंब आणि थोडा धीर पुरतो. एवढं सगळं करूनही हलत नसेल तरच मोटर उघडायची. आतल्या पात्याची कड सुकलेली असते, तिला पातळ तेल लावून बघा. कड झिजलीच असेल तर सील बाहेरून मागवावी लागतात आणि यायला वेळ लागतो, म्हणून ऑर्डर जूनची वाट न पाहता टाका.