आज वाकवलं, महिन्याने तडकलं: प्लॅस्टिककामातल्या या चुका टाळा

धातूचं काम चुकलं की तिथल्या तिथे कळतं. टूल तुटतं, माप हुकतं, वेल्ड उघडा पडतो. प्लॅस्टिकचं तसं नाही. अ‍ॅक्रिलिकचा बॉक्स चकाचक तयार होतो, गिऱ्हाईक खुशीत घेऊन जातं आणि काही आठवड्यांनी फोन येतो की स्क्रूभोवती बारीक बारीक रेषा उमटल्यात. मग खापर फुटतं शीटवर, नाहीतर स्क्रू आवळणाऱ्यावर. खरं कारण बहुतेक वेळा आपल्याच टेबलावर घडलेलं असतं: आत कोंडून राहिलेला ताण, नको तिथे साठलेली उष्णता किंवा न काढलेला ओलावा. पुढच्या जवळपास सगळ्या चुका फिरून फिरून याच तिघांपाशी येतात.

धातूचं ड्रिल तसंच वापरणं

प्लॅस्टिकमधून उष्णता पोलादाच्या मानाने दोनशे पटींहूनही हळू वाहते. त्यामुळे ड्रिलच्या टोकाशी तयार झालेली उष्णता तिथेच अडकते. चुरा वितळतो, ड्रिलला गुंडाळतो आणि भोकाची भिंत पांढरट, खडबडीत होते. अशा वेळी लोक जोर वाढवतात. तिथे भोकाभोवती ताण बसतो आणि पुढच्या तड्याची तयारी झालेली असते.

दुसरी अडचण कटिंग एजची. धातूसाठी घासलेली धार मालात घुसून ओढून घेते. अ‍ॅक्रिलिकमध्ये ड्रिल खालून बाहेर पडताना नेमकी हीच ओढ लागते आणि खालच्या बाजूने टवका उडतो. उपाय पाच मिनिटांचा आहे. बारीक ऑइलस्टोन घेऊन दोन्ही धारांची पुढची बाजू किंचित सपाट करा, म्हणजे धार खणण्याऐवजी खरवडेल. हे ड्रिल वेगळ्या डबीत ठेवा, धातूवर पुन्हा वापरू नका. शीटखाली लाकडी फळी घट्ट क्लॅम्प करा, थोडं थोडं ड्रिल करत मध्येच बाहेर काढून चुरा झटका, आणि थंड करायला कॉम्प्रेसरची हवा पुरते. कटिंग ऑइल टाळा, कारण त्यातले काही घटक पारदर्शक प्लॅस्टिकला बाधतात.

भोकाचं माप स्क्रूइतकंच ठेवणं ही त्याहून मोठी चूक. अ‍ॅक्रिलिक दर मीटरला दर अंशामागे सुमारे ७० मायक्रॉन वाढतं, पोलाद सुमारे १२. तापमान ३० अंशांनी बदललं तर एक मीटरची शीट २ मिलिमीटरहून जास्त सरकते, तिच्यामागची लोखंडी चौकट मात्र अर्धा मिलिमीटरही नाही. हा फरक कुठेतरी जायला हवा. भोक सैल असेल तर तो तिथे जिरतो, नसेल तर शीट तडकते. काउंटरसंक (निमुळत्या डोक्याचा, भोकात बुडणारा) स्क्रू तर पाचरच मारतो. सपाट बुडाचा स्क्रू आणि खाली मऊ वॉशर घ्या. आणि स्क्रू सुटू नये म्हणून थ्रेडलॉकरचा (आटे चिकटवून धरणाऱ्या द्रवाचा) थेंब सोडायची सवय असेल तर ती धातूपुरती ठेवा. अ‍ॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट, एबीएस या तिघांनाही नेहमीच्या थ्रेडलॉकरने तडे जातात.

शेवटचा हात मारायला थिनर किंवा स्पिरिट

लेसरने कापलेली किंवा ज्योतीने चमकवलेली अ‍ॅक्रिलिकची कड दिसायला सुरेख असते, पण तिच्या पृष्ठभागात ताण गच्च भरलेला असतो. त्यावर स्पिरिट, थिनर किंवा अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर लागलं की काही मिनिटांत केसासारख्या रेषा उमटतात. चिकटवायचं सॉल्व्हंटही तेच करतं. म्हणून जी कड चिकटवायची आहे ती ज्योतीने चमकवूच नका. ती खरवडून सरळ करा, सॉल्व्हंटने जोडा आणि बाकीच्या कडा नंतर सँडपेपर व पॉलिशने चमकवा. साफसफाईला कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ कापड पुरेसं आहे.

काम महत्त्वाचं असेल तर पीस ओव्हनमध्ये अनील करा, म्हणजे तापवून आणि सावकाश थंड करून आतला ताण घालवा. ६ मिलिमीटरच्या कास्ट (साच्यात ओतून केलेल्या) अ‍ॅक्रिलिकला ८० अंशांच्या आसपास दोन ते चार तास द्या, मग ओव्हन बंद करून दार न उघडता आतच थंड होऊ द्या. घाईने बाहेर काढलं तर घालवलेला ताण परत बसतो आणि वीज फुकट जाते.

आत ताण आहे की नाही हे डोळ्यांनी बघता येतं, आणि त्यासाठी यंत्र लागत नाही. कॉम्प्युटरच्या एलसीडी स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून फिरवत जा, एका कोनात स्क्रीन काळी पडेल. आता स्क्रीन आणि गॉगल यांच्यामध्ये पीस धरा. ताण नसलेला भाग काळाच राहतो. जिथे ताण आहे तिथे उजळ पट्टे उमटतात, भोकांभोवती आणि वाकवलेल्या कोपऱ्यात जास्त दाट. पॉलिकार्बोनेटमध्ये रंग भडक दिसतात, अ‍ॅक्रिलिकमध्ये फिकट, त्यामुळे खोलीत अंधार करून बघा. पारदर्शक माल करणाऱ्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये हा गॉगल खिळ्याला लटकलेला असावा असं माझं स्पष्ट मत आहे.

वाकवताना घाई

अ‍ॅक्रिलिक १०५ अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतं, पण नीट वाकतं ते १५० ते १७० च्या दरम्यान. वरचा थर मऊ लागला म्हणून वाकवायला घेतलं की आतला गाभा अजून कडकच असतो. तो वाकतो खरा, पण ताण घेऊन. ५–६ मिलिमीटरच्या पुढची शीट दोन्ही बाजूंनी तापवा किंवा दर थोड्या वेळाने उलटा. जोर लावावा लागतोय म्हणजे ती तयार नाही. स्वतःच्या वजनाने झुकायला लागली की मगच हात लावा, आणि पूर्ण थंड होईपर्यंत जिगमधून (आकार धरून ठेवणाऱ्या चौकटीतून) काढू नका. वाकवण्याच्या रेषेवरची मास्किंग फिल्म आधी सोला, नाहीतर ती भाजून चिकटते आणि निघता निघत नाही.

वाकवलेला लांब पीस केळीसारखा होतो ही नेहमीची तक्रार. तापलेली पट्टी थंड होताना आक्रसते, बाजूचा थंड भाग आक्रसत नाही, त्यातून हा बाक येतो. एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून सलग काढलेल्या) शीटमध्ये तो जास्त असतो, कारण ती तयार होतानाच एका दिशेला ताणलेली असते. लांब पीस कास्ट शीटमधून काढा. ऑर्डर देताना शीट कास्ट की एक्स्ट्रुडेड हे विचारलं नाही तर दुकानदार स्वस्तातली देणार हे उघड आहे.

पॉलिकार्बोनेटमध्ये वाकवताना बुडबुडे आले की तापमानाला दोष देतात. बहुतेक वेळा ते पाणी असतं. शीट हवेतला ओलावा धरून ठेवते आणि तापवल्यावर त्याची आतल्या आत वाफ होते. आधी १२० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये वाळवा. ३ मिलिमीटरलाही काही तास लागतात, जाडी वाढली की वेळ झपाट्याने वाढतो. वाळवलेली शीट लगेच वापरा, उद्यासाठी ठेवली तर मेहनत वाया.

काय आहे ते न ओळखता लेसरवर टाकणं

इथे मुद्दा पीस बिघडण्याचा नाही. पीव्हीसी लेसरखाली गेलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो फुप्फुसाला घातक आहे, आणि मशीनची रेल, लेन्सची चौकट, बेअरिंग सगळं गंजवतो. ओळख पटत नसेल तर तांब्याची तार पक्कडीत धरून लाल होईपर्यंत तापवा, त्या मालाच्या एका कोपऱ्याला टेकवा आणि चिकटलेल्या मालासकट पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत गडद हिरवी झाली तर क्लोरीन आहे, तो माल लेसरवर जाणार नाही. ही चाचणी मोकळ्या हवेत, तुकडा बारीक घेऊनच करा.

पॉलिप्रॉपिलीन आणि एचडीपीई चिकटवत बसणं

सोडून द्या. या पृष्ठभागावर गोंद पसरतच नाही, आणि सुकल्यावर पापुद्र्यासारखा निघतो. हॉट एअर वेल्डिंग करा, त्याच मालाचा रॉड वापरून. खास प्रायमर मिळतात, पण ताण घेणाऱ्या जोडावर मी त्यांचा भरवसा धरणार नाही.

मोल्डिंग मशीनवर: प्रत्येक दोषाला तापमान वाढवणं

इंजेक्शन मोल्डिंगमध्ये, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने मोल्डमध्ये (साच्यात) भरताना, पीस अर्धवट भरला की पहिला हात बॅरलच्या (माल वितळवणाऱ्या नळकांड्याच्या) तापमानाकडे जातो. तिथूनच पुढची साखळी सुरू होते: माल जळतो, फ्लॅश येतो (मोल्डच्या फटीतून माल बाहेर येतो), सायकल (एका पीसला लागणारा वेळ) लांबते आणि मूळ कारण तसंच राहतं. पीसचं शेवटचं टोक भरत नसेल आणि तिथेच काळा डाग असेल तर हवा अडकली आहे. दाबली गेलेली हवा इतकी तापते की माल तिथे जळतो. अशा वेळी तापमान आणि स्पीड वाढवून नुकसानच होतं. मोल्डच्या पार्टिंग लाइनवरचे (दोन भागांच्या सांध्यावरचे) व्हेंट, म्हणजे हवा बाहेर जायच्या खाचा, तपासा. ते जेमतेम दोन-तीन शतांश मिलिमीटर खोल असतात आणि मालाच्या चिकट थराने सहज बुजतात. पितळी ब्रशने साफ करा आणि भरण्याच्या शेवटच्या टप्प्यात स्पीड कमी करून बघा.

पृष्ठभागावर चंदेरी रेषा आल्या, ज्याला फ्लोअरवर सगळे 'सिल्व्हर' म्हणतात, तर अंदाज करत बसू नका. बॅरल मागे घ्या आणि एक शॉट (एका वेळचा माल) मोल्डऐवजी हवेत काढा. माल फेसाळ निघतोय, तडतडतोय तर ओलावा. पिवळट पडलाय, वास येतोय तर तापमान जास्त आहे किंवा माल बॅरलमध्ये फार वेळ थांबलाय. माल स्वच्छ, गुळगुळीत निघाला तर बॅरल निर्दोष. मग गेट (माल पीसच्या पोकळीत शिरायचं तोंड) अरुंद असेल, नाहीतर मोल्डमधून पाणी गळत असेल. एवढ्या एका शॉटने अर्ध्या दिवसाची चाचपड वाचते.

ओलाव्याच्या बाबतीत 'थोडा सिल्व्हर आहे, चालून जाईल' ही समजूत धोक्याची आहे. पॉलिकार्बोनेटचे दाणे १२० अंशांना तीन-चार तास वाळवून ओलावा ०.०२ टक्क्यांखाली आणावा लागतो. तो राहिला तर वितळलेल्या अवस्थेत पाणी रेणूंच्या लांब साखळ्याच तोडतं. तो पीस नंतर कितीही वाळवला तरी ताकद परत येत नाही. वरून निर्दोष दिसणारा पीसही पहिल्या आपटीला फुटतो. आणि वाळवलेला माल उघड्या हॉपरमध्ये (मशीनवर दाणे भरायच्या टाकीत) तासन् तास पडून राहिला तर ड्रायर चालवून उपयोग काय?

जाड भागावर खड्डा पडतो, तो सिंक मार्क. त्यासाठी होल्डिंग प्रेशर (मोल्ड भरल्यावर धरून ठेवलेला दाब) नुसतं वाढवत नेऊ नका, आधी गेट कधी गोठतं ते शोधा. होल्डिंग टाइम थोडा थोडा वाढवत प्रत्येक वेळी रनर (गेटपर्यंत माल नेणाऱ्या वाटेत गोठलेली काडी) तोडून पीस वजनकाट्यावर ठेवा. वजन वाढायचं थांबलं की गेट गोठलं. त्यापुढचा होल्डिंग टाइम फक्त सायकल लांबवतो, त्याआधी सोडलं तर माल गेटमधून मागे येतो. तरीही खड्डा राहिला तर दोष डिझाइनचा आहे. रिबची (भिंतीला आधार देणाऱ्या पट्टीची) जाडी भिंतीच्या ५० ते ६० टक्के असायला हवी. ती भिंतीएवढी जाड असेल तर मशीनवरून ते झाकता येणार नाही, मोल्ड दुरुस्तीला पाठवा.

नायलॉनची गोष्ट उलटी. मशीनमधून नुकता निघालेला पीस कोरडा, ठिसूळ आणि मापाला लहान असतो. हवेतला ओलावा घेत तो फुगतो आणि चिवट होतो. नायलॉन ६ मध्यम आर्द्रतेत अडीच ते तीन टक्के पाणी घेतं. ताज्या पीसवर माप पास करून जुळणी केली की काही दिवसांनी बुश शाफ्टवर आवळून बसतो. माप किती वेळाने आणि कोणत्या आर्द्रतेत घ्यायचं ते ड्रॉइंगवरच लिहून घ्या.

एक चूक मात्र एकदाही परवडणारी नाही. अ‍ॅसिटल, म्हणजे पीओएम, आणि पीव्हीसी एकाच बॅरलमध्ये एकामागोमाग चालवायचे नाहीत. दोघांचे अवशेष गरम बॅरलमध्ये भेटले की विघटनाला जोर चढतो, वायू साठतो आणि नोझलमधून (बॅरलच्या तोंडातून) माल उसळून बाहेर येऊ शकतो. मध्ये पॉलिथिलीनसारख्या मालाने बॅरल पूर्ण धुऊन निघाल्याशिवाय हॉपर बदलू नका. पीओएम चालू असताना डोळे चुरचुरायला लागले, तीव्र वास आला, तर तो फॉर्मल्डिहाइड आहे. हीटर बंद करा, बॅरल मागे घ्या, नोझलसमोर कुणालाही उभं राहू देऊ नका, बाहेर पडलेले गरम गोळे पाण्याच्या बादलीत टाका, एक्झॉस्ट चालू करा आणि वास जाईपर्यंत माणसं तिथून हलवा.