आउटबोर्ड इंजिन बिघडलं? या चुका टाळा

धक्क्यावर होडीच्या मागे लावलेलं आउटबोर्ड इंजिन चालू होईना म्हणून दोरी ओढत बसलं की पाच जण गोळा होतात आणि पाच सल्ले देतात. देतात मनापासूनच. पण आधी ऐकावं त्याचं, ज्याच्या होडीला तुमच्याच कंपनीचं आणि तुमच्याच मॉडेलचं इंजिन आहे.

तेव्हा पहिली चूक म्हणजे नुसतं "यामाहाचं चाळीस आहे" असं सांगून उपाय विचारणं. चाळीस हॉर्सपॉवरमध्ये त्यांचं टू-स्ट्रोकही आहे आणि फोर-स्ट्रोकही. इंजिन जिथे होडीच्या मागच्या फळीला आवळतो, त्या ब्रॅकेटवर मॉडेल आणि सिरीयल नंबरची छोटी पट्टी असते. खाऱ्या हवेने अक्षरं जाण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. माझं इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. शेजारच्या होडीवाला दहा लिटर पेट्रोलला 400 मिली ऑइल घालायचा, म्हणून मीही घालू लागलो. आठवडाभर धूर, दोन्ही प्लग काळेभोर आणि ओले. त्याचं इंजिन नवं होतं आणि रनिंग-इनच्या, म्हणजे नवं इंजिन रुळवायच्या सुरुवातीच्या तासांसाठी त्याला 25:1 मिश्रण सांगितलं होतं. माझ्या जुन्या इंजिनाला 50:1 पुरे, म्हणजे दहा लिटरला 200 मिली. तेव्हापासून मी पुस्तिकेतला आकडा पाहिल्याशिवाय मापटं उचलत नाही. ऑइलही आउटबोर्डचं, डब्यावर टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलंच घ्या. बाइकचं टू-टी चालवू नका.

इंजिन थंड करून मागून बाहेर पडणारी पाण्याची धार बंद पडली की लोक लगेच इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपाचा पंखा, बदलायला निघतात. इंजिन आधी बंद करा, तापू देऊ नका. मग बारीक तार घेऊन धारेचं भोक मोकळं करून बघा. पावसाळाभर पडून असलेल्या इंजिनात तिथे मीठ साचतं, कधी कुंभारीण माशी मातीचं घर करते. माझ्या तारेवर तांबड्या मातीची गोळी आली आणि धार सुरू झाली. तार घालूनही धार आली नाही, तर मात्र इम्पेलर काढावाच लागतो.

1 जून ते 31 जुलैच्या पावसाळी मासेमारी बंदीत होडी शाकारताना टाकीत पेट्रोल ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं. ओल वाढली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि टाकीची नळी नेमकी तळातूनच ओढते. टाकी रिकामी करा, कार्बोरेटरचा स्क्रू सोडून उरलेलं थेंबही काढा. त्याआधी गोड्या पाण्यावर इंजिन दहा मिनिटं चालवून आतलं मीठ धुऊन काढा.

गिअर ऑइल बदलताना ते दुधाळ दिसलं तर सील गेलं, पाणी आत शिरतंय. नुसतं नवं ऑइल भरून भागत नाही.

इंजिनावर बसवलेल्या झिंकच्या तुकड्याला रंग लावू नका. इंजिनाच्या अॅल्युमिनियमऐवजी त्याने झिजायचं असतं, रंगाखाली तो काहीच करत नाही. होडीच्या तळाचा तांबेयुक्त रंग इंजिनाच्या पायाला तर चुकूनही लावू नका, त्याने अॅल्युमिनियम कुरतडलं जातं.

आणि इंजिन सुरू झालं की सल्ला देणाऱ्याला फोन करून नक्की कशाने झालं ते सांगा, पार्ट नंबरासकट.