झाडासारखं उभं राहायला शिकताना

गोव्यात हरमलला आमच्या अंगणात दोन हिवाळे ताओ या चिनी धर्माचे एक पुरोहित शिकवायला यायचे. चीनच्या हुबेई प्रांतातल्या वुडांग पर्वतावरचे, छ्वानझन पंथाचे. म्हणजे ब्रह्मचारी, शाकाहारी, केसांची गाठ डोक्यावर. आई त्यांना बुवाच म्हणायची. सोलकढी त्यांच्यासाठी वेगळी करायची, कारण त्यांना कांदा-लसूण वर्ज्य.

त्यांनी शिकवलेलं पहिलं काम म्हणजे नुसतं उभं राहणं, झान जुआंग. करून बघा.

जागा सावलीची हवी, पण माडाखाली मुळीच नको. नारळ काही सांगून पडत नाही. चपला काढा. पावलांत खांद्यांइतकं अंतर, बोटं समोर. गुडघे किंचित सैल, जणू उंच स्टुलाच्या कडेवर टेकून बसला आहात. हात छातीसमोर गोल, जणू भाताची कणगी कवेत घेतली आहे (ही उपमा माझी, बुवा झाड म्हणायचे). जिभेचं टोक टाळूला. श्वास नाकाने, ओढूनताणून नाही.

पहिल्या दिवशी ५ मिनिटं पुरेत. तिसऱ्याच मिनिटाला मांड्या थरथरतात आणि खांदे कानांपर्यंत चढतात. मांड्या थरथरू द्या, खांदे सोडा. गुडघा दुखला तर मात्र थोडं सरळ व्हा. मी पहिल्याच आठवड्यात हट्टाने अर्धा तास उभा राहिलो नि दोन दिवस जिना कठड्याला धरून उतरलो. बुवा काही बोलले नाहीत, फक्त दोन बोटांनी माझे खांदे खाली दाबले.

संपल्यावर लगेच चालू लागू नका. दोन्ही तळवे बेंबीखाली ठेवून १० श्वास मोजा. डास चावले असतील तिथे आता खाजवा.