मांजराचा थायरॉईड वाढलाय? सप्लिमेंट देताना या चुका टाळा

दहा-बारा वर्षांचं मांजर दुप्पट खातं तरी वाळत जातं, रात्री-अपरात्री ओरडत घरभर फिरतं. रक्तात टी-४, म्हणजे थायरॉईडचा हार्मोन, वाढलेलं निघतं आणि डॉक्टर तो कमी करणारी मेथिमाझोल किंवा कार्बिमाझोलची गोळी सुरू करतात. हाडं वर आलेल्या मांजराला ‘जरा ताकदीचं काहीतरी’ द्यावं असं मग घरात प्रत्येकालाच वाटू लागतं. घोटाळा तिथून सुरू होतो.

सगळ्यात मोठी चूक आयोडीनची. थायरॉईड ग्रंथी आपला हार्मोन आयोडीनपासूनच बनवते. केस चमकावेत, दातांवरचं कीटण जावं म्हणून खाण्यावर भुरभुरायच्या कित्येक पावडरींचा मुख्य घटक समुद्री शेवाळ असतो. डब्यावर केल्प, सीवीड किंवा अ‍ॅस्कोफायलम लिहिलेलं दिसलं, तर तो डबा दुकानातच राहू द्या. त्यात आयोडीन भरपूर असतं आणि त्याचं प्रमाण डब्यागणिक बदलतं. ‘नॅचरल’ असल्यानं काही फरक पडत नाही.

पण कोकणात आयोडीन डब्यातूनच येतं असं कुठे आहे? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. ताजा बांगडा थांबतो आणि फळीवरचे सुकट, जवळा, सोडे खाली उतरतात. माणसाबरोबर मांजराचंही ताट बदलतं, आयोडीन कमी-जास्त होतं, आणि मे महिन्यात बसवलेला डोस जुलैत नीट लागू पडेलच असं नाही. गोळ्यांवरच्या मांजराचे मासे तोडायलाच हवेत असं नाही, मात्र बारा महिने खाणं शक्य तितकं सारखं ठेवा. आयोडीन कमी केलेलं खास खाद्य चालू असेल तर गोष्ट वेगळी. त्यावर चिमूटभर जवळाही नको. नाहीतर महागाचं खाद्य फुकट जातं. कच्ची तारली तर कुणीच देऊ नये. तिच्यातला एक घटक बी-१ जीवनसत्त्व मोडतो, आणि या आजारात शरीराला ते जास्तच लागतं. उकडून, मीठ-मसाला न घालता दिली तर तो त्रास टळतो.

दुसरी चूक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. केसांच्या सप्लिमेंटमधलं बायोटिन हे जीवनसत्त्व काही लॅबच्या तपासणीत टी-४ खोटंच जास्त दाखवू शकतं. आकडा पाहून डोस वाढवला जातो आणि मांजर मलूल पडतं. आपल्याकडे मांजराचं रक्त बरेचदा माणसांच्याच लॅबमध्ये जातं, त्यामुळे बायोटिन देत असाल तर रक्त काढण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

अश्वगंधा नकोच. माणसांमध्ये तिनं थायरॉईड हार्मोन वाढल्याच्या नोंदी आहेत. कॉड लिव्हर ऑइल आणि साधं फिश ऑइल एकच समजू नका; पहिल्यातलं ए आणि डी जीवनसत्त्व मांजराच्या अंगात साठत जातं. बी-१२ मात्र विचारण्यासारखं आहे. या मांजरांत ते कमी असू शकतं, आणि डॉक्टर तपासून इंजेक्शन देतात.

गोळी आणि सप्लिमेंट एकाच आठवड्यात सुरू करू नका. उलट्या, खाणं सोडणं, तोंड ओरबाडून घेणं हे गोळीचेच दुष्परिणाम असू शकतात आणि ते बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांत दिसतात. दोन्ही बरोबर सुरू केलेत तर दोष कुणाचा, ते डॉक्टरांनाही कळणार नाही. तोंड ओरबाडत असेल तर ‘स्किन टॉनिक’ शोधत बसू नका, फोन करा.

वजन भरूनही मांजर सुस्त असेल, पाणी फार पीत असेल, तर टी-४ बरोबर मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही बघून घ्या. वाढलेला थायरॉईड मूत्रपिंडाचा आजार झाकून ठेवतो आणि उपचार लागू पडल्यावर तो उघडा पडतो. अशा वेळी कॅल्शियमसाठी बोन मीलची (हाडांची) पावडर देणं अंगाशी येतं, कारण तिच्यातला फॉस्फरस आजारी मूत्रपिंडाला झेपत नाही. तपासणीला जाताना घरातले सगळे डबे पिशवीत घालून न्या, गावठी औषधाची पुडीसुद्धा.